केकवरचं पांढरं

माझ्या पहिल्या बाळंतपणासाठी मी चांद्याहून आरमोरीला माहेरी आले, तेव्हा आमच्या घरात दोन चुली झाल्या होत्या. एक मायची, स्वयंपाकघरातली. दुसरी मागच्या पडवीत, नव्या वहिनीची. पाण्याचंही तसंच. घरचे पितळी गुंड स्वयंपाकघरात आणि वहिनीचं मातीचं मडकं पडवीत. भाऊ पडवीत जेवायचा, बाबा समोरच्या सपरीत म्हणजे ओसरीत जेवायचे, आणि माय मधल्या दारात उभी राहून दोन्हीकडे लक्ष ठेवायची आणि स्वतः जेवायचं विसरायची. मला सातवा लागला होता. पाय सुजलेले, डोकं तापलेलं. आल्या दिवशीच मी मायला म्हटलं, "हे काय, दोन-दोन खानावळी काढल्या का तुमी?" माय म्हणाली, "हळू बोल व, बाबा बसले आहेत." मला हळू बोलता येत नाही. आजही येत नाही.

वहिनी ख्रिस्ती होती, चांद्याच्या मिशनच्या दवाखान्यात नर्स. माझा मोठा भाऊ तिथं कंपाउंडरचं काम शिकायला गेला आणि तिथंच दोघांचं जमलं. पुढे त्याला आरमोरीच्या सरकारी दवाखान्यात नोकरी लागली, तेव्हा तो बायकोला घेऊनच घरी आला. लग्न चांद्यालाच झालं होतं. मी त्याच गावात राहत होते, लग्नाच्या ठिकाणापासून चालत जाण्याइतकी जवळ. पण बाबांचा निरोप आला होता की आपल्या घरचं कोणी जायचं नाही, आणि माझ्या मास्तर नवऱ्याची सासऱ्यापुढे बोबडी वळायची. त्यानं मला जाऊ दिलं नाही. मला बाबांचा राग आला, त्याहून जास्त नवऱ्याचा आला, आणि पुढे बरेच दिवस आमच्या घरी वरणात मीठ नीट पडलं नाही.

बाबा दुष्ट नव्हते. धानाच्या बांध्यांमध्ये उभं आयुष्य काढलेला माणूस, गळ्यात माळ, मांस-अंडं सोडलेलं, कोणाच्या अध्यात ना मध्यात. सून म्हणून त्यांनी तिला घराबाहेर काढलं नाही, आणि हेच आपलं केवढं मोठं मन असं त्यांना प्रामाणिकपणे वाटायचं. फक्त तिच्या हातचं पाणी त्यांना चालत नव्हतं. पाणी नाही म्हणजे पाण्यानं झालेलं काहीच नाही: भात नाही, वरण नाही, भाकर नाही, चहाही नाही. तिच्या आजोबांची मूळची जात कोणती होती, हे गावात ज्याला त्याला ठाऊक होतं, आणि धर्म बदलला तरी गाव ते विसरायला तयार नव्हतं. गावात एखादी बाई अडली की तिच्या घरचे रात्री-अपरात्री वहिनीला बाळंतपण करायला न्यायचे आणि ती घरी परतली की आंघोळ करायचे. बाबा तिच्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. ते तिच्याशी बोललेच नाहीत.

मी यायच्या थोडं आधी भावानं घरात एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकली होती. सिरोंच्याच्या दवाखान्याला कंपाउंडर हवा होता आणि जिल्ह्यातून कोणी तिकडे जायला तयार नव्हतं. सिरोंचा म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. जंगल ओलांडून जायचं, तिथं तेलुगू बोलतात, आणि पावसाळ्यात वाट बंद झाली की चार महिने माणूस तिकडचा तिकडे. भाऊ बाबांना म्हणाला, "संक्रांत होऊ द्या. तवपर्यंत हिच्या हातचं पानी चाललं नाई, तर पुढच्या सोमवारी मी सिरोंच्याले हो म्हणून सांगतो." बाबा म्हणाले, "सांग." बापलेक दोघंही एकाच मातीचे. मधल्या मध्ये माय रडून रडून अर्धी झाली होती.

आणि माझं म्हणाल तर मला भीती वाटत होती. माझ्या बरोबरीची शेजारची मुलगी आदल्या वर्षी बाळंतपणात गेली होती. घरात शिकलेली नर्स आहे, हा मला केवढा आधार होता. आणि मी बाळंत व्हायच्या आधीच ती निघून जाणार होती.

वहिनी पुस्तकातल्यासारखी मराठी बोलायची. एकदा दुपारी माझे पाय शेकताना तिनं विचारलं, "बाई, तुम्हाला काय खावंसं वाटतं? डोहाळे मनात ठेवू नयेत."

मी म्हटलं, "मले तुमच्या लग्नातला केक खायचा आहे."

ती हसली नाही. पाय शेकायची थांबली मात्र. मग म्हणाली, "केक होईल हो. अंड्याशिवाय, दह्यात भिजवूनही होतो. पण त्याच्यावर पांढरं क्रीम होतं. आमच्या मोठ्या सिस्टरनी स्वतः केलं होतं. खरी चव त्याचीच."

"मंग थेच पायजे," मी म्हटलं. गरोदर बाईला कोण नाही म्हणतं? त्या दोन महिन्यांत मी घरावर जेवढं राज्य केलं, तेवढं पुढे कधी केलं नाही.

क्रीम करायला लागतं काय, तर लोणी आणि साखर. लोणी घरचंच होतं, आमची म्हैस व्यालेली होती. ताकातून काढलेलं लोणी आंबट असतं, म्हणून वहिनीनं ते पुन्हा पुन्हा पाण्यात धुतलं, धुवण नितळ येईपर्यंत. मग फडक्यात दाबून सगळं पाणी काढलं. साखर मी खलबत्त्यात कुटली आणि बाबांच्या जुन्या धोतराच्या कपड्यातून चाळली. म्हणजे चाळायला हवी होती. मी कंटाळून अर्धी तशीच टाकली. वहिनी कल्हईच्या परातीत लोणी हातानं फेसत होती आणि मी वरून साखर घालत होते. पण आम्ही बसलो होतो चुलीपाशी, थंडी म्हणून. बघता बघता परातीच्या कडेनं लोण्याला तेल सुटलं. फेसावं तितकं ते पातळ होत गेलं, आणि बोट घालून चाखलं तर दाताखाली साखर कचकचली. वहिनीनं परात उचलून अंगणात नेली आणि मला म्हणाली, "पुन्हा करू. साखर पिठासारखी हवी. आणि चुलीपाशी नाही बसायचं." तशी म्हणाली ती शांतपणेच, पण माझ्या आळसाचं माप तिनं बरोबर घेतलं होतं.

दुसऱ्या खेपेला मी साखर दोनदा चाळली, नाकातोंडात पांढरी भुकटी जाईपर्यंत. सकाळच्या गार हवेत, घरामागच्या सांदवाडीतल्या सीताफळाच्या झाडाखाली आम्ही परात घेऊन बसलो. वहिनीचा तळवा एकाच दिशेनं फिरत होता. पिवळसर लोणी हळूहळू पांढरं पडलं, मग हलकं झालं, मग हाताला लागेनासं झालं. मग ती थोडी साखर घालायची, ती जिरली की आणखी थोडी. घाई अजिबात नाही. शेवटी चमचाभर साय आणि वेलची. केक रव्याचा, दही आणि सोडा घालून, वाळू तापवलेल्या गंजात ठेवलेला, झाकणावर निखारे. तो पूर्ण गार झाल्याशिवाय वहिनीनं मला क्रीमला हात लावू दिला नाही. मग उलथन्याच्या पाठीनं तिनं ते वर पसरलं आणि काटा फिरवून त्यावर रेघा काढल्या.

मी खाल्लं. खरं सांगते, डोळे भरून आले. जीभ गोड झाली म्हणून नव्हे. मी त्या लग्नाला नव्हते म्हणून.

भावानं खाल्लं. मायनं दाराआड उभं राहून एक तुकडा खाल्ला आणि तोंड पदरानं पुसलं. आता राहिले बाबा. बाबांना गोड म्हणजे जीव की प्राण. बाजाराच्या दिवशी हलवायाच्या दुकानात बसून जिलबी खाल्ल्याशिवाय ते घरी यायचे नाहीत, आणि जेवताना शेवटच्या घासावर साखर ही लागायचीच. मी ताटलीत तुकडा घेऊन सपरीत गेले. बाबांनी ताटलीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "लोणी कोनं धुतलं?"

मी खोटं बोलू शकत होते. पण तोंडातून खरंच निघालं, "वैनीनं."

"पानी कोनतं?"

"पडवीतलं."

बाबांनी ताटली बोटानं मागे सारली. मी म्हटलं, "बाजारात जिलबी खाता, तवा हलवायाले इचारता का पानी कोनतं?"

"थो आपल्याच गावचा आहे."

"अन् हे कुठची? हे तर आपल्याच घरची आहे!"

बाबा उठून बैलांकडे गेले. त्यांची ही सवय होती. बोलणं अंगाशी यायला लागलं की त्यांना बैलांची आठवण व्हायची.

पण मी बघत होते. ताटलीकडे बघताना त्यांनी आवंढा गिळला होता. मी वहिनीला सांगितलं, "आपण पुन्हा करू." ती म्हणाली, "तुमची हौस झाली ना बाई, आता कशाला?" तरी तिनं लोणी साठवायला घेतलं. रोजचं थोडं थोडं लोणी ती वाडग्यात ठेवायची आणि वाडगा शिंक्यात टांगायची. संक्रांत जवळ आली होती. घरात तीळ भाजल्याचा वास होता.

एका संध्याकाळी मी झोपून उठले तर घरभर लोणी कढवल्याचा वास. मी धावत, म्हणजे त्या अवस्थेत जमेल तशी धावत, स्वयंपाकघरात गेले. मायनं शिंक्यातलं सगळं लोणी कढईत टाकलं होतं. वरचा फेस विरलेला, तळाशी बेरी बसलेली, घमघमीत तूप तयार. मी ओरडले, "माय! हे काय केलं तू?"

माय दचकली. "काऊन व? लोणी जमलं होतं, कढवलं. आंबून नसतं गेलं का?"

"थे क्रीमचं होतं!"

माय मटकन खालीच बसली. तिचं तरी काय चुकलं? लग्न होऊन आल्यापासून त्या घरात लोणी दिसलं की चुलीवर, हाच तिचा धर्म. लोणी तसंच राहू देतात आणि त्याचं आणखी काही करतात, हे तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं. मी मात्र तिला नाही नाही ते बोलले. वहिनी पडवीतून आली, तिनं कढईत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "जाऊ द्या बाई. तुपाचं क्रीम होत नाही."

मग मायच हळूच म्हणाली, "फेसायचंच आहे ना? मंग तूपही फेसल्या जाते. दिवाळीले चिरोट्याचा साटा नाई करत का आपण? थंडीत थिजलेलं तूप फेसलं का कापसावानी होते."

वहिनीनं साटा कधी केला नव्हता. मी केला होता, पण माझ्या डोक्यात तो कधी आला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तूप छान थिजलं होतं, दाणेदार. अंगणात गारवा होता. या वेळी माय आणि वहिनी समोरासमोर बसल्या, परात मध्ये. मायनं तळहातानं तूप घोळून दाखवलं, आधी दाणा मोडायचा, मग फेसायचं. वहिनीनं हात घातला. मी चाळलेली साखर घालत होते. माय वहिनीच्या शेजारी एवढ्या जवळ बसलेली मी पहिल्यांदाच बघत होते. दोघींचे हात तुपानं माखलेले, एकच परात, एकीचा हात थकला की दुसरी घ्यायची. तूप पांढरं पडत गेलं, फुगत गेलं. लोण्याच्या क्रीमपेक्षा ते घट्ट झालं, काट्याच्या रेघा त्यावर आखल्यासारख्या उमटल्या. तुपाचा खमंग वास लोण्याला कुठून येणार?

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझ्या, म्हणजे त्या दोघींच्या आधी माझ्या, आणि याचा मला पुढे बरीच वर्षं गर्व होता. मी म्हटलं, "माय, याच्यात पानी कुठी आहे?"

माय परातीकडे बघत राहिली. पाणी कुठेच नव्हतं. कढवताना लोण्यातलं पाणी जळून गेलं होतं. साखर कोरडी. साय आज घातली नव्हती, वेलची कोरडी. बाबा स्वतःच नेहमी म्हणायचे, दुधातुपाले इटाळ नाई. कोणाच्याही घरचं तूप त्यांना चालायचं. वहिनीनं सकाळीच भाजलेला केक मी गार होऊ दिला, त्यावर चांगलं बोटभर जाड क्रीम लावायला लावलं आणि ताटली घेऊन सपरीत गेले. वहिनी आणि भाऊ मधल्या दाराआड उभे होते. दिसत नव्हते, पण बाबांना कळत होतं.

"पानी?" बाबांनी विचारलं.

"थेंब नाई. तूप अन् साखर. मायनं कढवलेलं तूप, फेसलं वैनीनं."

बाबांनी बोट पुढे केलं आणि वरचं पांढरं थोडंसं उचलून जिभेवर ठेवलं. त्यांनी डोळे मिटले. मग पुन्हा बोट. मग चार बोटं. काही क्षणांत त्यांनी सगळं क्रीम निपटून खाल्लं, काट्याच्या रेघांसकट. आणि ताटली माझ्याकडे सरकवली. ताटलीत केक होता तसाच, वरून बोडका.

मी तर हरखून गेले होते. आत जाऊन ताटली वहिनीला दाखवली. म्हटलं, "खाल्लं! तुमच्या हातचं खाल्लं!"

वहिनी ताटलीकडे बघत होती. ती म्हणाली, "वरचं खाल्लं. खालचं मी दह्यात भिजवलं होतं, ते ठेवलं."

दह्याला बाबांच्या लेखी काय होतं कोण जाणे. दही दुधाचंच की. पण त्यात पाण्याचा हात लागला असणार, असं त्यांनी धरून चालायचं ठरवलं होतं. मला वाटलं होतं आपण जिंकलो. वहिनीनं तो बोडका केक उचलला आणि म्हशीच्या पेंडीत कालवला. ओरडली असती, भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. भाऊ म्हणाला, "झालं. सोमवारी सांगून येतो."

संक्रांत झाली. तिळगूळ वाटला गेला. बाबांनी मायच्या हातचा घेतला, माझ्या हातचा घेतला. वहिनी पुढे आलीच नाही, म्हणून नाही म्हणायची वेळ कोणावर आली नाही. आणि कमाल बघा, दुसऱ्या दिवशी बाबा मायला हळूच विचारतात, "थे पांढरं उरलं का जी?" मी आतून ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रविवारी वहिनीनं पडवीतली भांडी पोत्यात भरायला घेतली. मी दारात बसून रडत होते. मला लाज नव्हती. मी म्हटलं, "मले सोडून जाऊन राह्यल्या तुमी." तिनं भांडी ठेवली, माझ्याजवळ आली आणि पोटावर हात ठेवून बाळ कसं आहे ते बघितलं, तिच्या नेहमीच्या पद्धतीनं, शांतपणे. मग म्हणाली, "चला, उठा. जायच्या आधी तुम्हाला शिकवून जाते. बाबांना आवडलं आहे ना. तुमच्या हातचं त्यांना काहीही चालेल."

मला वाटलं, ही बाई वेडी आहे की काय. जो माणूस तिला पाण्याएवढी किंमत देत नाही, त्याच्या जिभेची सोय करून निघाली आहे. पण उठले. तिनं परातीला हात लावला नाही. समोर बसून नुसतं सांगत राहिली: आता दाणा मोडला, आता साखर, थोडीच घाला, थांबा, जिरू द्या. मी ऐकलं तेवढं ऐकलं. माझं मन थाऱ्यावर नव्हतं आणि हातात राग होता. साखर मी भसकन ओतली. तूप नीट फुगलं नाही. जड झालं, पेढ्यासारखं. केक त्या दिवशी नव्हताच. मी ते नुसतंच वाटीत घातलं आणि बाबांच्या पुढ्यात नेऊन आदळलं.

बाबांनी बोटानं चाखलं. पुन्हा चाखलं. "आज कोनं केलं?"

"मी केलं. घ्या. पोरीच्या हातचं आहे, इटाळ नाई, पानी नाई. पोटभर खा."

ते खात राहिले, पण पहिल्यासारखे नाही. डोळे मिटले नाहीत. आत भांड्यांचा आवाज येत होता, एकात एक घालून ठेवल्याचा, आणि बाबांचं लक्ष त्या आवाजाकडे होतं. माय त्यांच्यामागे भिंतीला टेकून बसली होती. ती आदल्या दिवसापासून बाबांशी एक शब्द बोलली नव्हती, उभ्या जन्मात पहिल्यांदा. बाबांनी अर्धी वाटी संपवली आणि खाली ठेवली.

"हे तिच्यासारखं नाई झालं," ते म्हणाले.

"नाईच होणार," मी म्हटलं. "थे तर चालली आता."

बाबांनी ओठ पुसले. घसा खाकरला. एवढी साखर मी ओतली होती की कोणाचाही घसा धरला असता. ते म्हणाले, "पानी."

मी भिंतीचा आधार घेऊन उठायला लागले. माय माझ्या आधी उठली होती, स्वयंपाकघराकडे वळलीही होती.

"तू नाई," बाबा मायला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तू बी नाई. बस."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

बाबांनी मान खाली घातली होती. सपरीतल्या सारवणाकडे बघत ते मोठ्यानं म्हणाले, "सूनबाई, पानी आण."

वहिनी मधल्या दारात येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत त्यांनी तिला पहिल्यांदा हाक मारली होती. तिचे हात भांड्यांच्या राखेनं भरलेले होते. ती पुढे आली नाही. आपल्या पुस्तकातल्या मराठीत, अगदी सरळ आवाजात तिनं विचारलं, "कुठलं आणू, बाबा? स्वयंपाकघरातलं, की माझ्या मडक्यातलं?"

मला वाटलं, संपलं. आता बाबा उठून बैलांकडे जाणार. मायनं पदर तोंडात धरला. मला वहिनीचा रागसुद्धा आला, एवढं तोंडाशी आलेलं, आणि हिला आता विचारायचं सुचतं! आज कळतं की तिनं विचारायलाच हवं होतं. स्वयंपाकघरातलं पाणी तिनं आणून दिलं असतं आणि बाबांनी प्यायलं असतं, तर त्यांनी आपल्याच घरचं पाणी प्यायलं असतं.

बाबांनी वर बघितलं. तिच्याकडे, नीट.

"तुह्या मडक्यातलं आण," ते म्हणाले. "मातीचं आहे, थंड असन."

ती हात धुवून तांब्या घेऊन आली. तांब्या तिनं खाली ठेवला नाही, आणि बाबांनीही तो तिच्या हातातूनच घेतला. वरून धार धरून ते प्यायले, घटाघटा, शेवटपर्यंत. मिशीवरून पाणी गळून माळेवर आलं. मी ढसाढसा रडत होते आणि माय मला गप्प बसवता बसवता स्वतः रडत होती. बाबांनी रिकामा तांब्या सुनेपुढे धरला.

"अजून आण," ते म्हणाले.